शरीर शिकवा, पण हात जोडप्याचेच राहू द्या: लैंगिक समुपदेशनाचे अभ्यासक्रम आखणाऱ्यांना खुलं पत्र

लैंगिक आणि वैवाहिक समुपदेशनाचे अभ्यासक्रम आखणाऱ्या, शिकवणाऱ्या आणि त्यांची प्रमाणपत्रं देणाऱ्या सर्वांस,

सप्रेम नमस्कार.

आम्ही जोडप्यांसोबत काम करणारे समुपदेशक, मानसोपचारतज्ज्ञ आणि पेल्विक फ्लोअरच्या, म्हणजे ओटीपोटाच्या तळाच्या स्नायूंच्या, फिजिओथेरपिस्ट आहोत. तुमच्याकडून शिकून बाहेर पडलेली मंडळी आमच्याकडे जोडपी पाठवतात. त्यांच्याकडे वर्ष-दोन वर्षं घालवून काहीच हाती न लागलेली जोडपीही शेवटी आमच्याकडेच येतात. तुम्ही वर्गात काय शिकवता आणि काय गाळता, याची किंमत ही जोडपी मोजतात, आणि त्यांना ते कधी कळतही नाही. म्हणून हे पत्र बंद पाकिटात न पाठवता सगळ्यांसमोर ठेवत आहोत.

सध्या दोन तऱ्हेचे अभ्यासक्रम चालतात. एकात सगळा भर बोलण्यावर असतो. संवाद कसा करावा, कसं ऐकावं, भांडण कसं मिटवावं, आणि शरीरासाठी आकृत्या दाखवणारं एखादं व्याख्यान. दुसऱ्या तऱ्हेत शनिवार-रविवारची ‘बॉडीवर्क’ किंवा ‘सोमॅटिक’, म्हणजे शरीरावर काम करणारी, कार्यशाळा असते. तिथे शिकवणारा आलेल्यांच्या अंगाला हात लावून प्रात्यक्षिक दाखवतो आणि रविवारी संध्याकाळी प्रमाणपत्र मिळतं. पहिल्या वर्गातून निघालेला समुपदेशक शरीराचा विषय निघाला की गप्प होतो. दुसऱ्यातून निघालेला सरळ हात पुढे करतो. आम्हाला दोन्ही मान्य नाही. लैंगिक अडचणींच्या उपचारात शरीर आलंच पाहिजे. तो सराव जोडप्याने आपल्या घरी, आपल्या हातांनी करायचा असतो, आणि समुपदेशकाने खुर्चीत बसून तो नेमका कसा करायचा हे सांगायचं असतं. हे सांगणं हेच खरं कौशल्य आहे आणि नेमकं तेच शिकवलं जात नाही.

लग्नाला तीन वर्षं झाली, संबंध आलेच नाहीत. ती म्हणते, “आत भिंत लागते.” तो म्हणतो, “ती पाय आवळून घेते.” अशी जोडपी महाराष्ट्रात गावोगाव आहेत. त्यांना “एकमेकांशी मोकळेपणाने बोला” हा सल्ला किती जणांनी दिलेला असतो! ती दोघं बोलून बोलून थकलेली असतात. ओटीपोटाच्या तळाशी झोळीसारखा पसरलेला स्नायूंचा पडदा म्हणजे पेल्विक फ्लोअर. डोळ्याजवळ बोट नेलं की पापणी जशी आपोआप मिटते, तसा हा पडदा दुखण्याच्या नुसत्या चाहुलीने आवळला जातो. आवळला की दुखतं, दुखलं की पुढच्या वेळी आधीच भीती वाटते, आणि भीतीने तो अजून आवळतो. तिच्या मनात नवऱ्याविषयी पूर्ण ओढ असली तरी हे घडतं. याला व्हजायनिस्मस म्हणतात. २०१३ साली मानसविकारांच्या अमेरिकी वर्गीकरणात तो आणि संभोगातलं दुखणं एकाच निदानाखाली आणले गेले, कारण प्रत्यक्षात भीती, आवळणं आणि दुखणं वेगळं काढता येत नाही. हे चक्र शरीरात बसलेलं असतं आणि शरीराच्याच सरावाने सुटतं.

आता आमच्या तक्रारी.

पहिली आणि सगळ्यात मोठी तक्रार सेन्सेट फोकसबद्दल आहे. जोडप्यांशी बोलताना आम्ही त्याला सरळ ‘स्पर्शाचा सराव’ म्हणतो. अमेरिकेत सेंट लुईसला विल्यम मास्टर्स आणि व्हर्जिनिया जॉन्सन यांनी ही पद्धत बसवली आणि १९७० साली प्रसिद्ध केली. त्यांच्याकडे जोडपं दोन आठवडे रोज येत असे आणि समोर एक स्त्री, एक पुरुष असे दोन उपचारक बसत. आज लैंगिक उपचारांत एवढी सर्वत्र वापरली जाणारी दुसरी पद्धत नसेल, आणि एवढी चुकीची शिकवली जाणारीही नसेल. बहुतेक वर्गांत सांगतात की एकमेकांना मसाज करा, सुगंधी तेल लावा, जोडीदाराला आनंद द्या. इथेच सगळं बिघडतं. ज्याला ‘जमत नाही’ म्हणून तो तुमच्यासमोर बसलाय, त्याला तुम्ही आणखी एक परीक्षा देताय.

मूळ सूचना याच्या उलट आहे. स्पर्श करणाऱ्याने तो स्वतःसाठी करायचा. लक्ष तीनच गोष्टींवर ठेवायचं: कातडी कोमट आहे की गार, मऊ आहे की खरखरीत, आणि आपल्या हाताचा दाब हलका आहे की जड. मन “तिला आवडतंय का?” किंवा “मला ताठरता आली का?” याकडे धावणारच. धावलं की चिडायचं नाही, पुन्हा त्या तीन गोष्टींवर आणायचं. ज्याला स्पर्श होतोय त्याच्याकडे एकच काम, दुखलं किंवा नकोसं झालं तर तो हात दुसरीकडे सरकवायचा. उत्तेजना, ताठरता, ओलावा या गोष्टी हुकमाने येत नाहीत. झोप आणायची म्हटलं की ती जशी उडते, तसंच इथेही होतं. आपलं आणि जोडीदाराचं शरीर तपासत बसणं थांबलं की त्यांना यायला वाट मोकळी होते. ही गोष्ट तुमच्या विद्यार्थ्याला स्वतःच्या शब्दांत, न अडखळता, दोन मिनिटांत समजावता येत नसेल तर त्याला ही पद्धत आलेली नाही.

पायऱ्या अशा. पहिल्या पायरीत स्तन आणि जननेंद्रियं वर्ज्य, संभोग पूर्ण बंद. हा ‘बंद’ समुपदेशकाने स्पष्ट शब्दांत सांगायचा आणि दोघांकडूनही वदवून घ्यायचा, कारण “आज होणार का?” ही टांगती तलवार निघाल्याशिवाय कातडीला काही जाणवत नाही. आठवड्यातून दोन-तीन वेळा, प्रत्येकाने दहा-पंधरा मिनिटं. सुरुवात कोणी करायची ते आळीपाळीने. मंद दिवा चालू, फोन दुसऱ्या खोलीत, तेल-लोशन काही नाही, बोलणं शक्यतो नाही. दुसऱ्या पायरीत वर्ज्य भाग सामील होतात, पण सुरुवात बाकीच्या अंगापासूनच करायची आणि तिथे जाऊन थांबून राहायचं नाही. इथे हातावर हात ठेवून दाखवता येतं की इतका दाब, या जागी. तिसऱ्या पायरीत दोघंही एकाच वेळी स्पर्श करतात. चौथ्या पायरीत जननेंद्रियं एकमेकांना लागतात, पण आत जायचं नाही. पाचवीत आत, पण हालचाल नाही, आणि मग सावकाश हालचाल. पुढच्या पायरीवर कधी जायचं हे कॅलेंडर बघून ठरत नाही. लागोपाठ दोन-तीन वेळा मन भरकटूनही सहज परत आलं की पुढे जायचं.

काय चुकतं, हेही शिकवा. “जमतंय असं वाटलं म्हणून आम्ही पुढे गेलो” असं जोडपं सांगतं, तेव्हा शाबासकी द्यायची नाही आणि रागवायचंही नाही. एक पायरी मागे न्यायचं, कारण पुढच्या वेळी नाही जमलं तर ‘बंद’वरचा विश्वासच उडतो. हात लावला की गुदगुल्या होतात अशी तक्रार आली तर ती बहुतेकदा ताणाची खूण असते. तिथे दाब वाढवायचा, हात एका जागी ठेवायचा आणि ज्याला स्पर्श होतोय त्याने वरून आपला हात ठेवायचा. “कंटाळा आला” याचा अर्थ पुष्कळदा असा निघतो की मन स्पर्शात नव्हतं, निकाल लावण्यात होतं. आणि लागोपाठ दोन आठवडे “वेळच मिळाला नाही” असं ऐकलं तर आळशीपणाचा शेरा मारू नका. सराव करायचं ठरलं होतं त्याआधीची दहा मिनिटं कशी गेली ते विचारा. खरी गोष्ट तिथे सापडते.

दुसरी तक्रार केगेलची, म्हणजे पेल्विक फ्लोअर आवळून सोडण्याच्या व्यायामाची. तुमच्याकडून शिकलेले समुपदेशक ‘खालचं’ काहीही बिघडलं की केगेल सांगतात. अर्नोल्ड केगेल यांनी १९४८ साली मांडलेला हा व्यायाम मुख्यतः बाळंतपणानंतर सैल पडलेल्या स्नायूंसाठी आणि लघवी गळण्यासाठी होता. व्हजायनिस्मसमध्ये स्नायू आधीच आवळलेला असतो. तिला केगेल सांगणं म्हणजे घट्ट मिटलेल्या मुठीला आणखी आवळ म्हणणं. सहा महिने मन लावून व्यायाम करणारी बाई सहा महिन्यांनी जास्त दुखणं घेऊन येते आणि दोष स्वतःला देते. याचं आम्हाला फार वाईट वाटतं.

तिला सैल सोडायला शिकायचं असतं. उताणं झोपायचं, गुडघे वाकवून त्यांच्याखाली उशा, म्हणजे मांड्यांना स्वतःला सावरावं लागत नाही. एक हात छातीवर, एक पोटावर. नाकाने चार अंक मोजत श्वास आत, सहा मोजत बाहेर. श्वास आत घेताना पोट वर येतं, श्वासपटल खाली उतरतं आणि त्याच्याबरोबर पेल्विक फ्लोअरही खाली सैल होतो. हे जाणवत नसेल तर टॉवेलची घट्ट गुंडाळी करून तिच्यावर बसायचं. श्वास घेताना खालचा भाग गुंडाळीवर टेकतो, सोडताना किंचित वर जातो. खूण पटवायला एकच वाक्य पुरतं: लघवी सुरू होताना जे सुटतं, तेच सोडायचं. चूक होते ती कुंथण्याची. बाई ‘सोड’ म्हटल्यावर जोर लावते, पोट आत ओढते, श्वास धरून ठेवते. बघणाऱ्याने पायाच्या बोटांकडे बघावं. ती वळली, जबडा मिटला, कुल्ले अंथरुणावरून अर्धा इंच उचलले गेले, की खाली काहीही सैल झालेलं नाही.

श्वास बसला की मग बोट. आधी आठवडाभर नुसता आरसा आणि बाहेरून स्पर्श, कारण कित्येकींनी तो भाग कधी पाहिलेलाच नसतो. नखं कापलेली, हात धुतलेले, पाण्यात विरघळणारी जेली भरपूर. श्वास आत घेताना बोटाचं पहिलं पेर आत, आणि तिथेच थांबायचं. स्नायू बोट धरतो. त्याने धरून ठेवलंय तोपर्यंत हलायचं नाही, पुढे ढकलायचं नाही, घाईने काढायचंही नाही. दोन-तीन श्वासांत पकड आपोआप ढिली होते. हा क्षण तिने स्वतः अनुभवला की अर्धी भिंत गेली. दहा-पंधरा मिनिटं, आठवड्यातून चार-पाच दिवस. दुखणं दहापैकी तीनच्या वर गेलं की आधीच्या मापावर परत. बोटानंतर डायलेटर, म्हणजे योनीत ठेवायच्या वाढत्या जाडीच्या गुळगुळीत कांड्या. पहिला करंगळीएवढा, साधारण एक ते दीड सेंटिमीटर जाड, आणि शेवटचा तीन ते साडेतीन सेंटिमीटरचा. डायलेटर सिलिकोनचा असेल तर सिलिकोनचं जेल लावायचं नाही, त्याने तो खराब होतो. पुढे लॅटेक्सचा निरोध वापरणार असतील तर खोबरेल तेल नको, निरोध फाटतो. या दोन साध्या गोष्टी न सांगितल्यामुळे किती गोंधळ होतात ते आम्ही बघतो.

नवऱ्याचा सहभाग इथे सुरू होतो, आधी नाही. प्रथम डायलेटर तिच्या हातात. मग त्याच्या हातात, पण वरून तिचा हात. मग एकट्या त्याच्या हातात. त्याआधी एक छोटा सराव जरूर सांगा: ती गरज नसताना तीन वेळा “थांब” म्हणते आणि तिन्ही वेळा तो त्या क्षणी थांबतो. ब्रेक लागतो हे पायाने अनुभवलं की माणूस उतारावर गाडी चालवतो. प्रत्यक्ष संबंधाच्या वेळी ती वर, खोली आणि कोन तिच्या ताब्यात, आणि पहिल्या काही वेळा आत येऊन नुसतं थांबणं.

तिसरी तक्रार तपासणीची. शरीराचा सराव सांगण्याआधी दुखण्याचं वैद्यकीय कारण आहे का, हे पाहिलं गेलं पाहिजे. योनीतला जन्मजात पडदा, जंतुसंसर्ग, लायकेन स्क्लेरोसस (योनीमुखाच्या कातडीचा एक आजार), एंडोमेट्रिओसिस (गर्भाशयाच्या अस्तरासारखा थर बाहेर वाढणं), बाळंतपणातल्या टाक्यांचा व्रण, अंगावर पाजत असतानाचा किंवा पाळी गेल्यानंतरचा कोरडेपणा. योनीमुखाशी घड्याळाच्या आकड्यांप्रमाणे कापसाची काडी हलकेच टेकवली तर नेमकं कुठे जळजळतं ते कळतं. ही पाच मिनिटांची, बाहेरची तपासणी आहे. तिला पहिल्याच दिवशी स्पेक्युलम (योनी उघडून आत बघण्याचं साधन) लागत नाही. तपासणीच्या आधी काय करणार ते सांगणं, शेजारी स्त्री मदतनीस असणं आणि तिने थांब म्हटलं की थांबणं, हे तिघांचंही, डॉक्टर, फिजिओथेरपिस्ट आणि पाठवणारा समुपदेशक यांचं काम आहे. तुमचे विद्यार्थी चिठ्ठीवर नुसतं ‘तपासणी’ लिहून पाठवतात. “तपासणीला भीती आहे, बाहेरूनच पाहावं” एवढं एक वाक्य लिहायला त्यांना शिकवा. नाहीतर तिला भूल देऊन योनीमुख ताणलं जातं किंवा गरज नसताना योनीमुखाचा पातळ पडदा (हायमेन) कापला जातो, आणि जखम भरल्यावर स्नायू पहिल्यासारखाच आवळतो, आता खऱ्या दुखण्याच्या आठवणीसह. “दोन घोट घे, सैल होशील” किंवा “बधिर करणारं जेल लाव आणि उरकून घ्या” हे सल्लेही त्याच जातीचे. काही दुखण्यांत डॉक्टर बधिर करणारं मलम विचारपूर्वक देतात, ते वेगळं. आणि सासरची मंडळी गोड बातमीसाठी मागे लागली म्हणून संबंध न येताच जोडपं थेट वंध्यत्वाच्या दवाखान्यात पोचतं, तिथेही कोणी हा प्रश्न विचारत नाही. मूल हवं असेल तर तेही होऊ दे, पण दुखण्याचा उपचार मागे राहू नये.

पुरुषांबद्दल थोडक्यात, कारण इथे चुका साध्या आहेत. शीघ्रपतनासाठी थांबा-सुरू करा ही पद्धत जेम्स सेमन्स यांनी १९५६ मध्ये मांडली. आधी एकट्याने, कोरड्या हाताने. ‘आता थांबवता येणार नाही’ या टोकाच्या बरंच आधी थांबायचं, उत्तेजना ओसरू द्यायची, असं तीनदा, चौथ्यांदा होऊ द्यायचं. मग जेली लावून, मग जोडीदाराच्या हाताने, मग ती वर असताना. चूक एकच: टोकापर्यंत जाऊन थांबायला बघतात. ताठरतेच्या तक्रारीत पहाटे ताठरता येते का, हे पहिल्या भेटीत विचारायलाच हवं. मधुमेह, रक्तदाब आणि काही औषधं, विशेषतः नैराश्याची, यांची यादी घ्या. शिस्नाच्या धमन्या हृदयाच्या धमन्यांपेक्षा बारीक असल्यामुळे हृदयविकाराची पहिली वर्दी कधी कधी इथे मिळते. छातीत दुखण्यासाठी सॉर्बिट्रेटसारखं नायट्रेट घेणाऱ्याने मित्राकडून मिळालेली सिल्डेनाफिलची, म्हणजे ताठरतेसाठीची, गोळी घेतली तर रक्तदाब धोकादायकरीत्या कोसळतो. हा प्रश्न समुपदेशकाने विचारला नाही तर कोण विचारणार? ‘धात’ जाते म्हणून घाबरलेल्या तरुणाला, ज्या लक्षणसमूहाला नरेंद्र नाथ विग यांनी १९६० साली नाव दिलं, स्पर्शाच्या सरावाआधी वीर्याविषयीची भीती घालवावी लागते. १९५४ च्या औषधी व जादुई उपचारांच्या जाहिरातींवरच्या कायद्यानंतरही लोकलच्या डब्यातल्या चिठ्ठ्या त्याला रोज उलटं सांगत असतात.

चौथी तक्रार आमच्या दृष्टीने सर्वांत गंभीर. स्पर्शाचा सराव देण्याआधी दोघांना एकदा तरी वेगवेगळं भेटायचं आणि तिला विचारायचं, “तू नाही म्हटलंस तर काय होतं?” उत्तरात मारहाण, जबरदस्ती, अबोला धरून उपाशी ठेवणं, दुसरं लग्न करण्याची धमकी असं काही आलं, तर सराव द्यायचा नाही. दिला तर तो त्याच्या हातातलं हत्यार होतो: “डॉक्टरांनीच सांगितलंय, कर.” भारतीय न्याय संहितेत, एकत्र राहणाऱ्या सज्ञान पत्नीवर नवऱ्याने केलेली बळजबरी आजही बलात्कार ठरत नाही. २००५ चा कौटुंबिक हिंसाचाराचा कायदा मात्र लैंगिक छळाला हिंसा मानतो, आणि त्याखालची मदत कुठे मिळते हे प्रत्येक समुपदेशकाला पाठ हवं. ज्यांनी लहानपणी किंवा नंतर लैंगिक अत्याचार सोसला आहे त्यांच्यासाठी “डोळे मिटा आणि शरीराकडे लक्ष द्या” हे वाक्यच घाव उघडणारं ठरू शकतं. त्यांना डोळे उघडे, पाय जमिनीला टेकलेले, दार दिसेल अशी खुर्ची, आणि कुठल्याही क्षणी थांबायची मुभा द्यावी लागते. हे एकाही छापील अभ्यासक्रमात आमच्या नजरेला पडलेलं नाही.

मदत मागायला आलेल्या माणसाची ‘हो’ कधीच पूर्ण मोकळी नसते. तुम्ही उपचारक आहात, तुमच्याकडे उत्तर आहे असं त्याला वाटतं, म्हणून तो हो म्हणतो. म्हणून समुपदेशकाने कपड्यांवरूनही ‘प्रात्यक्षिक’ करायचं नाही. दाखवायचं असेल तर स्वतःच्या मनगटावर, उशीवर किंवा कापडी मॉडेलवर दाखवा. ऑनलाइन भेटीत कॅमेऱ्यासमोर सराव करायला किंवा फोटो पाठवायला सांगायचं नाही, कोणत्याही कारणासाठी नाही. आतली तपासणी फक्त नोंदणीकृत डॉक्टर किंवा प्रशिक्षित फिजिओथेरपिस्टने, लेखी संमतीने करायची.

आणि हात न लावता खोलीत शरीर आणता येतं. भांडणाच्या मध्येच दोघांना मनगटावर बोटं ठेवून पंधरा सेकंद नाडी मोजायला सांगा आणि आकड्याला चारने गुणा. जोडप्यांचा अभ्यास करणारे अमेरिकी मानसशास्त्रज्ञ जॉन गॉटमन यांच्या संशोधनातून आलेला साधा नियम आहे: ठोके शंभरच्या वर गेले की माणूस ऐकू शकत नाही. तेव्हा निदान वीस मिनिटं वेगळं व्हायचं, परत कधी येणार ते सांगून जायचं, आणि त्या वेळात उत्तरं जुळवत बसायचं नाही. ‘तो ऐकतच नाही’ असं वर्षानुवर्षं म्हणणारी बायको स्वतःच्या मनगटावर ११२ मोजते तेव्हा खोलीतली हवा बदलते.

भाषा आणि घर हा तुमच्या अभ्यासक्रमांचा कच्चा कोपरा आहे. रघुनाथ धोंडो कर्वे यांनी १९२१ साली मुंबईत संततिनियमनाचं केंद्र काढलं आणि १९२७ ते १९५३ ‘समाजस्वास्थ्य’ चालवलं. ज्या भाषेत हे काम शंभर वर्षांपूर्वी सुरू झालं, तिच्यात आज इंग्रजी पत्रक वाचून जागच्या जागी भाषांतर करून सांगतात. जोडपं ‘ते’, ‘तिथे’, ‘खाली’ असं बोलतं. पहिल्याच भेटीत योनीमुख, शिश्निका (क्लिटोरिस), शिस्न, किंवा त्यांना चालणारे शब्द ठरवून घ्या, नाहीतर सहा भेटी दोघांच्या मनात वेगवेगळं चित्र राहतं. आणि वन रूम किचनमध्ये सासू-सासरे हॉलमध्ये झोपतात तिथे अर्ध्या तासाचा सराव होणार नाही. तिथे बसल्या बसल्या फक्त हात, मनगट आणि कोपरापर्यंतचा सराव द्या, मग चादरीखाली पाठ आणि चेहरा, दहा मिनिटांत. रविवारी दुपारी घर रिकामं असतं का? दाराला आतून कडी आहे का? हे प्रश्न ताठरतेच्या प्रश्नाइतकेच महत्त्वाचे आहेत. कोकण-गोव्यात बोटीवरून महिन्याच्या सुट्टीवर आलेल्या माणसाला आठवड्याला एक भेट देऊन उपयोग नाही. त्याच्यासाठी मास्टर्स-जॉन्सन यांचं मूळचं रोजचं, दोन आठवड्यांचं वेळापत्रकच बरं. समलिंगी जोडप्यांसाठीही पायऱ्या तयार ठेवा. प्रत्येक जोडप्याचं ध्येय आत जाणं नसतं.

अभ्यासक्रम बदलत नाही असं कोणी म्हणू नये. २०२४ च्या ऑगस्टमध्ये वैद्यकीय शिक्षणाच्या राष्ट्रीय अभ्यासक्रमात समलैंगिक संबंध ‘अनैसर्गिक’ गुन्ह्यांत घालणारा मजकूर परत आला आणि विरोध झाल्यावर सप्टेंबरात मागे घेतला गेला. तुमचे अभ्यासक्रम तर याहून लहान आहेत.

आमच्या मागण्या:

१. सहा महिन्यांपेक्षा कमी अवधीच्या कोणत्याही वर्गाला लैंगिक उपचाराचं प्रमाणपत्र देऊ नका. शनिवार-रविवारच्या वर्गाला ‘तोंडओळख’ म्हणा आणि तसंच छापा.

२. प्रत्येक विद्यार्थ्याने निदान तीन जोडप्यांचं काम पहिल्या भेटीपासून शेवटपर्यंत अनुभवी व्यक्तीच्या देखरेखीखाली केल्याशिवाय त्याला उत्तीर्ण करू नका.

३. परीक्षेत स्पर्शाच्या सरावाच्या सूचना तोंडी, मराठीत, समोर बसलेल्या दोन माणसांना द्यायला लावा.

४. पेल्विक फ्लोअरचा भाग फिजिओथेरपिस्टकडून शिकवा. आवळलेला आणि सैल स्नायू यांतला फरक ज्याला सांगता येत नाही त्याला केगेल लिहून देण्याची मुभा नको.

५. उपचारकाने स्पर्श करायचा नाही हा नियम लेखी करा. तो माहितीपत्रकावर आणि प्रत्येक विद्यार्थ्याच्या दवाखान्याच्या भिंतीवर मराठीत लावा, खाली तक्रार कुठे करायची तो पत्ता. वर्गातली अंगावरची प्रात्यक्षिकं आजपासून बंद करा.

६. हिंसा आणि अत्याचाराची चौकशी वेगवेगळ्या भेटीत करण्याची पद्धत पहिल्या महिन्यात शिकवा, शेवटच्या आठवड्यात नको.

७. २०२१ च्या संलग्न आरोग्य व्यवसायांच्या कायद्याखाली फिजिओथेरपी आणि समुपदेशनाशी संबंधित काही व्यवसाय येतात. तुमच्या प्रमाणपत्राने कुठली नोंदणी मिळते आणि कुठली मिळत नाही, हे फी घेण्याआधी लिहून द्या.

८. मराठी सराव-पत्रकं तयार करा आणि ती कोणालाही फुकट मिळू द्या. पहिला मसुदा लिहून द्यायला, तपासायला आणि तुमच्या वर्गात येऊन शिकवायला आम्ही मानधन न घेता तयार आहोत.

येत्या शैक्षणिक वर्षाची माहितीपत्रकं छापायला जाण्यापूर्वी आम्हाला लेखी उत्तर हवं आहे.

आपले,
जोडप्यांसोबत काम करणारे समुपदेशक, मानसोपचारतज्ज्ञ आणि पेल्विक फ्लोअर फिजिओथेरपिस्ट